एक तोळा दोन मासे

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. बारा मासे मिळून काय होतं?

हाच प्रश्न मी आमच्या चौथीच्या वर्गात विचारला, तेव्हा मागच्या बाकावरून एक पठ्ठ्या ओरडला, “कालवण!” सगळा वर्ग खो खो हसला. पण हेच तुम्ही घरी आजीला विचारलंत ना, तर ती सांगेल की बारा मासे मिळून एक तोळा होतो. सोनं तोलायच्या जुन्या मापात आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा. पाण्यातला मासा वेगळा आणि सोनाराच्या तराजूतला मासा वेगळा, शब्द मात्र अगदी एकच. हे दोन मासे मला कधी एकाच जागी भेटतील असं वाटलं नव्हतं. पण भेटले. आणि तेही कुठे, तर सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेत!

त्याचं असं झालं. माझा दादा मायामीला असतो. २०२३ च्या मे महिन्याच्या सुट्टीत बाबांना घेऊन मी त्याच्याकडे गेले. बाबा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे. वाशिष्ठीच्या खाडीकाठी आमचं गाव. बाबांची नोकरी पोस्टात झाली, पण जीव कायम खाडीत. संध्याकाळी शिक्के ठेवले की गरी आणि तंगूस घेऊन स्वारी धक्क्यावर हजर! तांबोशी, शेंगटी, काळुंदर... काही मिळालं तर आई खूश, नाही मिळालं तर बाबा तरी खूश.

दादाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तेरा वर्षांचा. जन्म तिकडचाच. मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र गाडी अडखळते. आजोबांच्या गरीच्या गोष्टी दादाकडून ऐकून ऐकून त्याच्या डोक्यात एकच वेड शिरलं होतं. आजोबा आले की त्यांच्यासमोर आपण बोनफिश धरून दाखवायचा! त्यासाठी दोन वर्षं त्यानं शेजाऱ्यांची कुत्री फिरवली, अंगणातली हिरवळ कापून दिली आणि साठलेल्या पैशांतून एक जुनी काठी आणि एक जुनं रीळ घेतलं. काठी एकाकडून, रीळ दुसऱ्याकडून. हे ध्यानात ठेवा बरं का, कारण सगळं रामायण इथूनच सुरू झालं.

मेच्या शेवटच्या सोमवारी तिकडे सुट्टी असते. शनिवार, रविवार, सोमवार जोडून आम्ही सगळे गाडीनं निघालो ते ‘फ्लॉरिडा कीज’ नावाच्या बेटांकडे. नकाशा काढा. फ्लॉरिडाचं टोक सापडलं? त्याच्या खाली डावीकडे वळत गेलेली ठिपक्यांची एक ओळ दिसेल. तीच ही बेटं. या सगळ्या बेटांना ओवत एकच रस्ता जातो, थेट शेवटच्या की वेस्टपर्यंत. सुमारे १८२ किलोमीटर लांब आणि त्यावर ४२ पूल! एका बाजूला अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला फ्लॉरिडाचा उपसागर आणि मधून आपली गाडी. पाण्याचा रंग तर असा, की खडूच्या पेटीतले निळे आणि हिरवे सगळे खडू कुणीतरी त्यात विरघळवले असावेत.

आधी इथे रस्ता नव्हता, रेल्वे होती. हेन्री फ्लॅग्लर नावाच्या धनाढ्य माणसानं समुद्रावर पूल बांधत बांधत १९१२ साली आगगाडी की वेस्टला पोचवली. तेव्हा ते ऐंशी पार केलेले म्हातारे होते. पुढे २ सप्टेंबर १९३५ च्या रात्री भयंकर चक्रीवादळ आलं. लोकांना सोडवायला पाठवलेली गाडीच लाटेनं रुळांवरून उचलून फेकली, एकटं इंजिन तेवढं उभं राहिलं. चारशेहून जास्त माणसं त्या वादळात गेली. रेल्वे काही परत सुरू झाली नाही. तिच्याच पुलांवरून १९३८ मध्ये मोटारीचा रस्ता सुरू झाला. आता नवे पूल आहेत, पण शेजारी जुन्या रेल्वेचे पूल मधेमधे तुटक्या दातांसारखे उभे दिसतात आणि त्यावर पेलिकन पक्षी निवांत बसलेले असतात. वादळात गेलेल्यांचं स्मारक इस्लामोराडाला आहे. तिथे आम्ही थांबलो. बाबांनी पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडले. तिथे तशी पद्धत नाही, पण कुणी काही म्हटलं नाही.

इस्लामोराडा हेच आमचं मुक्कामाचं ठिकाण. स्थानिक लोक ‘आयलामोराडा’ म्हणतात. गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांची ही जणू पंढरीच. दर चार घरांमागे एक होडी, दर दहा दुकानांमागे एक गळाचं दुकान.

पहिला धक्का बाबांना बसला तो परवान्याचा. सोळा वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, म्हणून भाचा सुटला. पण परदेशातून आलेल्या बाबांना काठीला हात लावायचा तर तीन दिवसांचे सतरा डॉलर भरणं आलं.

“समुद्रात गरी टाकायला तिकीट?” बाबा म्हणाले. “आणि मासा मिळाला नाही तर पैसे परत देतात का?”

परत देत नाहीत. पण बाबांनी परवाना काढला आणि तो कागद घडी घालून अगदी जपून खिशात ठेवला.

दुसऱ्या बेटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, दोन पुलांमधल्या भरावावरून आम्ही पाण्यात उतरलो. इथलं पाणी म्हणजे मोठी गंमत आहे. किनाऱ्यापासून लांबवर चालत जा, पाणी गुडघ्याच्या वर येतच नाही. तळाशी पांढुरकी वाळू आणि समुद्री गवताचे पट्टे. अशा उथळ जागेला तिकडे ‘फ्लॅट’ म्हणतात. काठाला खारफुटी, आपल्या खाडीत असते तशीच, पाय पसरून उभी राहिलेली. ती पाहिल्यावर बाबांना जरा घरच्यासारखं वाटलं. भाच्यानं आम्हाला शिकवलं, की इथे पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूतून घासत न्यायचं. का? तर वाळूत पाकट दडून बसलेली असते. पाय घासला की ती निघून जाते, पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. बाबा म्हणाले, “पाकटीचा काटा मला नको शिकवू. गावच्या खाडीत मी दोनदा खाल्लाय.”

भरती चढू लागली की खोल पाण्यातले बोनफिश या फ्लॅटवर चरायला येतात. हा मासा चांदीच्या पत्र्याचा केल्यासारखा. खवले आरशासारखे, त्यामुळे तळाचाच रंग त्याच्या अंगावर उमटतो आणि तो दिसतच नाही. तोंड खालच्या बाजूला. वाळूत तोंड खुपसून कोलंबी, खेकडे शोधताना त्याची शेपटी पाण्याबाहेर येते आणि उन्हात लखकन चमकते. तेवढीच काय ती खूण. आणि हा आहे महाभित्रा. होडीत काही आपटलं, वर पक्ष्याची सावली पडली, की पसार!

अशा भित्र्या माशापुढे शिशाचं वजन डुबकन टाकून कसं चालेल? म्हणून इथे ‘माशी’ वापरतात. पिसं, केस आणि दोरा गुंडाळून गळालाच कोलंबीचं रूप दिलेलं असतं. तिला फ्लाय म्हणजे माशी म्हणतात. वजन म्हणाल तर एक ग्रॅमसुद्धा नाही.

भाच्यानं माशी बाबांच्या तळहातावर ठेवली. बाबांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, “शिसं कुठाय?”

“शिसं नाही, आजोबा.”

“मग जाणार कशी लांब?”

मुलांनो, हा प्रश्न लाखमोलाचा होता. तुम्हीच करून पाहा. कापसाचा बोळा घ्या आणि जोरात फेका. पडला ना पुढ्यातच? आता सुतळी भिजवून तिच्या टोकाला तोच बोळा बांधा आणि सुतळीला चाबकासारखा झटका द्या. बोळा निमूट सुतळीमागून जातो. आपल्या गरीत शिसं पुढे धावतं आणि दोरीला ओढून नेतं. फ्लायच्या गळात दोरीच धावते आणि माशीला ओढून नेते. म्हणजे फेकायचं वजन दोरीतच असतं! म्हणून ही दोरी तंगूससारखी बारीक नसते. आत विणलेला धागा, वर प्लॅस्टिकचा लेप, पुढचा भाग जाड आणि मागचा बारीक. तिच्या टोकाला पुढे अडीच-तीन मीटर पारदर्शक तंगूस असतो, माशाला दोरी दिसू नये म्हणून.

भाच्यानं काठी उगारली. पुढे, मागे, पुढे, मागे... आणि सोडली. दोरी हवेत थोडी गेली आणि शेवयांचा गुंता पडावा तशी त्याच्यापासून पाच-सहा मीटरवर पडली. वारा समोरून होता. पुन्हा उगारली. पुन्हा शेवया. त्यानं जास्त जोर लावला, तर दोरी वाऱ्यानं मागे येऊन त्याच्याच टोपीवर पडली. लांब दोन शेपट्या चमकून गेल्या. तास गेला, दीड तास गेला. पोराचा चेहरा लाल झाला. ऊन होतंच, पण नुसत्या उन्हानं चेहरा असा होत नाही.

“आय ॲम नो गुड,” तो पुटपुटला आणि मग आजोबांना कळावं म्हणून मराठीत म्हणाला, “मला येत नाही.” घरामागच्या बागेतही दोरी नीट जायची नाही, तेव्हापासून त्याला वाटत होतं की आपला हातच कच्चा आहे. हे त्यानं मला नंतर सांगितलं. मी दहा-बारा वर्षं मुलांना शिकवते आहे. ‘मला येत नाही’ हे वाक्य मुलं कुठल्या आवाजात म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

बाबा मात्र पोराकडे बघतच नव्हते. ते काठीकडे बघत होते. म्हणाले, “अरे, ही काठी वाकतच नाही.”

तेवढ्यात शेजारी पाण्यात उभे असलेले एक गृहस्थ जवळ आले. बाबांच्याच वयाचे, अंगात लांब बाह्यांचा सदरा, नाकाला पांढरं मलम. त्यांनी विचारून काठी हातात घेतली, दोन-तीन वेळा झुलवली आणि मान हलवली. काठीच्या मुठीजवळ बोट ठेवून म्हणाले, “इथे आठ लिहिलंय. दोरी किती नंबरची?”

भाच्याला काय ठाऊक! रीळ जुनं घेतलेलं, दोरी त्यावर आधीच गुंडाळलेली. डबा नाही, चिठ्ठी नाही. विकणाऱ्यानं “चांगली आहे” एवढंच सांगितलं होतं.

दुपारी आम्ही ते रीळ घेऊन एका दुकानात गेलो. दुकानदार मोठा बोलका. त्यानं दोरीचं टोक सोडलं, मापपट्टीवर तीस फूट मोजून घेतले, तेवढंच वेटोळं एका छोट्या तराजूवर ठेवलं आणि आकडा दाखवला : १४१. म्हणाला, “ही पाच नंबरची. नदीतल्या ट्राउट माशांसाठी. तीही थंड प्रदेशातली. बघ, इथल्या उन्हात कशी लिबलिबीत आणि चिकट झालीय.”

१४१ काय? तर ग्रेन. ग्रेन म्हणजे दाणा. जवाच्या दाण्यावरून आलेलं हे जुनं इंग्रजी वजन, सुमारे ६५ मिलिग्रॅमचं. पूर्वी या दोऱ्या रेशमाच्या असत आणि त्यांची जाडी बघून अक्षरांनी नावं देत. पण नायलॉन आणि प्लॅस्टिक आल्यावर घोटाळा झाला. जाडी तीच, वजन मात्र निराळं. तेव्हा १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या गळाचं सामान बनवणाऱ्यांनी मिळून ठरवलं, की जाडी नको, वजन धरू. दोरीचे पहिले तीस फूट, म्हणजे नऊ मीटरांहून थोडे जास्त, तोलायचे आणि त्यावरून नंबर द्यायचा. पाच नंबर म्हणजे १४० ग्रेन. आठ नंबर २१०. दहा नंबर २८०. बारा नंबर ३८०. नंबरानुसार सहा ते बारा दाण्यांचा फरक चालतो.

आता काठीवर आठ का लिहिलेलं असतं? काठी धनुष्यासारखी असते. दोरीच्या वजनानं ती वाकते आणि सरळ होताना दोरीला भिरकावून देते. तुमची प्लॅस्टिकची पट्टी घ्या. तिच्या टोकावर कागदाचा कपटा ठेवून उडवा, गंमत येत नाही. खोडरबर ठेवा, मस्त उडतं. कुलूप ठेवलंत तर पट्टी वाकूनच बसते. भाच्याच्या ताठ काठीला कागदाचा कपटा मिळाला होता! पाच नंबरच्या दोरीनं आठ नंबरची काठी वाकणार कशी? मग आपण जोर लावतो, आणि जोर लावला की आणखीच बिघडतं.

दुकानदारानं एक गोष्ट सांगितली ती मला फार पटली. दोरीचा नंबर तराजू ठरवतो, पण काठीचा नंबर काठी बनवणारा स्वतःच्या अंदाजानं लिहितो. त्यामुळे आठ लिहिलेल्या दोन काठ्या सारख्या ताठ असतीलच असं नाही. आणखी एक भानगड. नंबर तीस फुटांचा. पण मासा जर वीस फुटांवरच उगवला तर हवेत दोरी कमी, म्हणजे वजनही कमी. म्हणून काही जण आठच्या काठीला मुद्दाम नऊची दोरी लावतात. दोऱ्या बनवणारेही हल्ली आठ छापून आत वजन थोडं वाढवून देतात. तेव्हा डब्यावरचा नंबर वाचायचाच, पण ग्रेनही वाचायचे.

बाबांना हे ग्रेन-बिन काही लागेना. तेव्हा माझ्यातली बाई जागी झाली. इंग्रजांच्या राज्यात १८३३ साली तोळा ठरवला गेला तो बरोबर १८० ग्रेनचा. तोळ्याचे मासे बारा. म्हणजे एक मासा किती ग्रेनचा? करा भागाकार. पंधरा! मग मी दुकानाच्या पावतीच्या पाठीवर गणित मांडलं. पाच नंबरची दोरी नऊ मासे आणि वर थोडी. बारा नंबरची दोन तोळे एक मासा आणि थोडी. आणि आठ नंबरची? २१० भागिले १५, चौदा. एक तोळा दोन मासे. अगदी बरोब्बर, बाकी शून्य!

“असं सांग की मग,” बाबा म्हणाले. “पोराला हवी एक तोळा दोन माशांची आणि दिली पाऊण तोळ्याची.”

आठ नंबरची, खाऱ्या आणि गरम पाण्यासाठीची दोरी नव्वद डॉलरला होती. रुपयांत जवळजवळ साडेसात हजार! भाच्याच्या खिशात चाळीस. दादा म्हणाला, “नको. एका दिवसासाठी एवढा खर्च? पुढच्या वर्षी बघू.” भाचा काही बोलला नाही. पुढच्या वर्षी आजोबा असणार नाहीत, निदान इथे तरी, हे त्याला कळत होतं आणि आम्हालाही.

बाबांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. त्यात त्यांचे स्वतःचे शंभर डॉलर होते. रात्री खाडीवर जाताना डोक्याला बांधायची एक चांगली बॅटरी त्यांना त्यातून घ्यायची होती. मायामीच्या दुकानात ती दोनदा हाताळून झाली होती. त्यांनी नोटा काउंटरवर ठेवल्या.

“बाबा, अहो कशाला...” दादा म्हणाला.

“एक तोळा दोन मासे ना?” बाबा म्हणाले. “सोन्यापेक्षा स्वस्तच आहे.”

दुकानदारानं रिळावर आधी १८० मीटर बारीक दोरा भरला, त्यावर नवी दोरी जोडली. एवढा दोरा कशाला, असं मला वाटलं. ते दुसऱ्या दिवशी कळलं.

संध्याकाळी एका धक्क्यावर टार्पन बघितले. धक्क्याखाली हे मोठाले मासे गोळा होतात आणि लोक त्यांना बादलीतले छोटे मासे भरवतात. माणसाएवढा लांब मासा पाण्यातून उसळून हातातला घास ओढून नेतो तेव्हा वहिनी किंचाळली, मीही किंचाळले. टार्पन वर येऊन हवाही गिळतो. त्याला धरायला अकरा-बारा नंबरची काठी आणि दोरी लागते. बाबा मात्र पेलिकनच पाहत बसले. भरवलेल्या माशात त्यांना रस नव्हता.

रविवारी सकाळी भरतीच्या वेळेला आम्ही पुन्हा त्याच जागी. कालचे गृहस्थही होते. त्यांनी बाबांना आपला जादा काळा चष्मा दिला. त्यानं पाण्यावरची चमक जाते आणि तळ दिसतो. शिवाय एक युक्ती सांगितली. काठीवाल्याच्या नाकासमोर बारा वाजले असं धरायचं, आणि मासा कुठे आहे ते घड्याळावर सांगायचं.

पहिल्याच फेकीला फरक दिसला. काठी छान वाकली, दोरी मागे सरळ उलगडली, मग पुढे. दहा-बारा मीटर सहज! भाच्यानं वळून आमच्याकडे पाहिलं. तो चेहरा मी विसरणार नाही.

पण मासे काही लगेच फसले नाहीत. पहिल्या वेळी माशी माशाच्या डोक्यावरच पडली, तो पळाला. दुसऱ्या वेळी माशीला गवत लागलं. मग बराच वेळ काही नाही. आणि अचानक बाबा, जन्मभर खाडीत सावल्या ओळखण्यात गेलेले बाबा, दबक्या आवाजात म्हणाले, “साडेदहा! साडेदहा वाजले! दोन आहेत.”

मी तर हातातलं घड्याळ बघितलं! भाच्यानं मात्र बरोबर डावीकडे वळून दोरी सोडली. माशी माशाच्या हातभर पुढे टुपकन पडली. त्यानं डाव्या हातानं दोरी थोडी थोडी आखडली, कोलंबी पळते तशी. सावली थांबली, झुकली... आणि रिळातून ‘किर्रर्र’ असा आवाज सुरू झाला. अहो, तो मासा होता की मोटारसायकल? सगळी नवी दोरी काही क्षणांत गेली आणि पाठोपाठ आतला बारीक दोरा धावू लागला. तेव्हा मला कळलं, १८० मीटर कशाला ते.

“धरू नको! जाऊ दे त्याला!” बाबा मराठीत ओरडत होते, ते गृहस्थ इंग्रजीत तेच ओरडत होते. मासा थांबला की भाचा गुंडाळी, मासा पळाला की सोडी. दहाएक मिनिटांनी तो जवळ आला. हातभर लांब, दोनेक किलोचा असेल. उन्हात चांदीसारखा लकाकत होता. बाबांनी हात ओले करून त्याला पाण्यातच अलगद पोटाखाली धरलं. भाच्यानं गळ काढला आणि म्हणाला, “आजोबा, आता सोडा.”

“सोडा?”

फ्लॉरिडात २०१३ पासून बोनफिश ठेवता येत नाही. धरला की तिथेच सोडायचा, असा नियमच आहे. हे आम्ही बाबांना आधी सांगायला विसरलो होतो, खरं सांगायचं तर टाळलंच होतं. बाबांनी माशाकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं आणि बोटं सैल केली. मासा क्षणभर तिथेच थबकला आणि मग नुसती वाळू दिसू लागली.

परत येताना बाबा बोलले नाहीत. जेवताना मात्र म्हणाले, “खायचा नव्हता तर त्या बिचाऱ्याला एवढा पळवला कशाला?”

भाचा म्हणाला, “सगळ्यांनी खाल्ले तर संपतील, आजोबा. मग कुणालाच दिसणार नाहीत.”

“मग धरूच नये. खाण्यासाठी धरला तर ते पोटासाठी. हे कशासाठी?”

भाच्याला उत्तर सुचलं नाही. मलाही नाही. मी दोघांच्या बाजूनं थोडं थोडं बोलून पाहिलं, तर दोघंही माझ्यावरच वैतागले. दादानं सगळ्यांसाठी भाजलेला मासा मागवला. तो बाबांनी खाल्ला. मीठ कमी आहे म्हणाले.

सोमवारी आम्ही मायामीला परतलो. पण रविवारी संध्याकाळी काय झालं माहीत आहे? ओहोटीच्या वेळी भाच्यानं काठी बाबांच्या हातात दिली आणि तो त्यांच्या मागे उभा राहून शिकवू लागला. सतरा डॉलरचा परवाना वाया जाऊ द्यायचा नाही, असं बाबांचं म्हणणं. पहिल्या पाच-सहा वेळा शेवयाच. “जोर नको, आजोबा. काठीला काम करू द्या,” भाचा सांगत होता. सातव्या वेळी दोरी सरळ गेली. मासा नव्हता तिथे. तरी दोघं अंधार पडेपर्यंत पाण्यातच होते. वहिनी काठावरून हाका मारून दमली.

निघताना भाच्यानं जुन्या पाच नंबरच्या दोरीचे तीस फूट कापून, वेटोळं करून बाबांना आठवण म्हणून दिले. गावी आल्यावर आठ दिवसांनी बाबा ते वेटोळं खिशात घालून बाजारपेठेत गेले, मीही सोबत होते. आमच्या नेहमीच्या सोनाराकडे बाबांनी ते काट्यावर ठेवलं. नऊ ग्रॅम आणि वर थोडं. मी मनात भागाकार केला. नऊ मासे आणि थोडं. दुकानदाराचा तराजू खरा होता.

सोनारानं त्या पिवळट दोरीकडे पाहिलं, मग चष्म्यावरून बाबांकडे पाहिलं आणि विचारलं, “पोस्टमास्तर, याचं काय करायचंय? साखळी की गोफ?”